आवाज आला की बोट वर

दाराला किल्ली लावतानाच तिला तो आवाज आला, आणि राग यायच्या आधी चक्क बरं वाटलं. पालिकेचा साहेब बंद करा म्हणून तोंडावर सांगून गेल्यावरही शेजारच्या भोवरेकाकांनी लाकूड कातायचं लेथ चालू ठेवलं होतं, म्हणजे आता चूक पुरती त्यांचीच, इकडेतिकडे करायला जागाच नाही. तिनं दार लोटलं, चपला काढल्या आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून पलीकडच्या घराला लागून असलेल्या भिंतीशी उभी राहिली. घूंऽऽ. जाड, खालच्या पट्टीतला, मध्येच किंचित दबणारा. फिरत्या लाकडाला पटाशी टेकली की दबतो तसा. दुपार कलली होती, नवरा ऑफिसातून यायला अवकाश होता, आणि घरात दुसरं काहीच वाजत नव्हतं. 'काका, आपलं ठरलं होतं ना?' हे वाक्य तिनं मनात घोळवलं, मग त्यातला 'काका' गाळून पाहिला, ते फारच उद्धट वाटलं, म्हणून पुन्हा घातला. पुन्हा चपला अडकवून ती बाहेर पडली.

ते जोडघर होतं. एकाच माणसानं आपल्या दोन मुलांसाठी बांधलेलं, मुलांनी ते वेगवेगळ्या लोकांना विकलेलं. मधली भिंत एकच, दोन्ही घरांची, आणि खरेदीच्या वेळी दलालानं ती भिंत म्हणजे फार मोठा फायदा असल्यासारखी दाखवली होती. डावीकडे ती आणि तिचा नवरा, उजवीकडे भोवरेकाका आणि काकू. काकांचं आडनाव भोवरे नव्हतं. ते लाकूड कातायचे, खुर्च्यांचे पाय, हत्यारांच्या मुठी, जिन्याच्या कठड्याचे दांडे, आणि उरल्यासुरल्या तुकड्यांतून गल्लीतल्या पोरांना भोवरे करून द्यायचे, म्हणून पोरांनीच ते नाव पाडलेलं. आता पोस्टमनसुद्धा त्यांना भोवरेच म्हणायचा. नवीन राहायला आल्यावर तिच्या जेवणाच्या टेबलाचा एक पाय हलवाहलवीत तुटला तेव्हा काकांनी नवा कातून दिला होता, इतका हुबेहूब की कुठला नवा हे आता तिला ओळखता येत नसे. त्या वेळी त्यांच्या लेथचा आवाज तिला गोड वाटला होता, हेही खोटं नाही.

काकूंनी दार उघडलं आणि 'या की' म्हणून त्या बाजूला झाल्या, पण चेहरा काही 'या की' म्हणत नव्हता. तिनं पालिकेत तक्रार केल्यापासून त्या तिच्याशी असंच बोलायच्या, शब्द सगळे बरोबर आणि चेहरा दुसरीकडे. काका मागच्या खोलीत आहेत म्हणाल्या. ती तयार केलेलं वाक्य ओठांवर घेऊन मागच्या खोलीच्या दारात आली आणि तिथंच थांबली. खोली रिकामी होती. लेथ होतं त्या जागी फरशी जरा उजळ होती, नटबोल्टची भोकं उघडी पडली होती, आणि कोपऱ्यात झाडून लावलेल्या लाकडाच्या किसाचा ढीग होता. काका एका स्टुलावर बसून खरखरीत काचकागदानं एक भोवरा हातानंच घासत होते. नेलं की परवाच, ते म्हणाले, तिनं काही विचारायच्या आत. वेगळी शेड घेऊन तिथं बसवायचं म्हटलं तर ते या वयात झेपणारं नव्हतं, एक ओळखीचा माणूस चांगलं सांभाळीन म्हणाला, देऊन टाकलं. जाताना पोरगी सासरी जावी तसं वाटलं हो, असंही ते म्हणाले आणि स्वतःच्याच बोलण्याला हसले. ती ऐकत होती. त्यांचं ऐकत होती आणि त्यांच्या बोलण्याखालून येणारा तो आवाजही ऐकत होती. घूंऽऽ. उजळ फरशीच्या बरोबर मधून येत होता. पर्सच्या पट्ट्यावरचं तिचं पहिलं बोट आपोआप उचललं गेलं, तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिनं ते पट्ट्याखाली दडपलं. काका कागद बदलत होते, त्यांनी पाहिलं नसावं.

"आता नाही ना येत आवाज?" काकांनी विचारलं. विचारण्यात टोमणा नव्हता, तेच तिला जास्त लागलं.

"नाही," ती म्हणाली. "आता अगदी शांत. तेच सांगायला आले होते."

"मग झालं. त्याच्यासाठीच तर दिलं."

घरी येऊन ती पलंगावर बसली. भिंतीपलीकडून काकूंनी नळ सोडल्याचा आवाज आला, बंद केल्याचा आला, बादली सरकवल्याचा आला, आणि या सगळ्याच्या तळाशी, कुणी पातेलं चुलीवर ठेवून विसरून जावं तसा, तो होताच. तिला भीती वाटली. तिनं ती भीतीच आहे हे स्वतःशी मान्य केलं, कारण रोज लोकांच्या कानांत आवाज सोडून त्यांची तोंडं पाहणाऱ्या बाईला एवढं तरी कळतं. तिचं काम कान तपासण्याचं होतं. कानाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात एक काचेची खिडकी असलेली आवाजबंद खोली होती, आत पेशंट हेडफोन लावून बसायचा, बाहेर ती बटणं दाबायची. आत जाणाऱ्या प्रत्येकाला ती एकच वाक्य सांगायची: आवाज आला की बोट वर करा, थांबला की खाली. कितीही बारीक असला तरी करा, नक्की नसलात तरी करा. आणि मध्येच ती काहीच सोडायची नाही. बटणावर हात ठेवायची, चेहरा तसाच ठेवायची, आणि शांतता सोडायची. निम्मे लोक तेव्हाही बोट वर करायचे. बहिरेपण कळू नये म्हणून करायचे, नापास होऊ नये म्हणून करायचे, काहीजण तर केवळ तिला वाईट वाटू नये म्हणून करायचे. दवाखान्यात त्याला 'फुकट बोट' म्हणत. फुकट बोटं मोजून मगच बाकीच्या बोटांवर विश्वास ठेवायचा, ही तिच्या धंद्यातली साधी रीत होती. आणि पालिकेच्या साहेबानं 'आवाज खरंच इतका त्रासदायक आहे का?' असं विचारलं तेव्हा तिनं त्याला काय सांगितलं होतं, तर 'मी कानांचंच काम करते.' साहेबानं ते तसंच लिहून घेतलं होतं.

तक्रार खोटी नव्हती. हे तिनं त्या संध्याकाळी स्वतःला इतक्यांदा सांगितलं की शेवटी शेवटी ते पाठ केल्यासारखं वाटायला लागलं. लेथ खरोखरच वाजायचं. कपाटातल्या काचेच्या बरण्या एकमेकींना लागून किणकिणायच्या, रविवारी दुपारी डोळा लागला की बरोबर तेव्हाच मोटर सुरू व्हायची, आणि डोकं दुखायला लागलं की ते दिवस मावळेपर्यंत उतरायचं नाही. आधी तिनं कानाडोळा केला, मग काकांच्या कानावर घातलं. काकांनी लेथच्या पायांखाली रबराचे तुकडे घातले. मग पट्टा बदलला. मग दुपारचं काम बंद करून सकाळी सुरू केलं, तर सकाळी तिच्या नवऱ्याची पेपर वाचायची वेळ. नवरा विम्याच्या ऑफिसात नुकसानीचे दावे तपासायचा, त्यामुळे अर्जाची भाषा त्याला सहज यायची. 'सततचा व अपायकारक कंप' हे शब्द त्याचे. अर्ज करण्याआधी तिनं त्याला विचारलं होतं, तुला येतो ना रे आवाज? तो पेपरातून डोकं वर काढून म्हणाला होता, "येतो की. म्हणजे, तू म्हणालीस की येतो." तेव्हा ती हसली होती. साहेब आला त्या दिवशी काकांनी मुद्दाम लेथ चालू करून दाखवलं, जाडजूड लाकूड लावून, म्हणजे आवाज कमी केल्याचा आळ नको. साहेबानं भिंतीला तळवा लावला आणि मान हलवली. काकू दारात उभ्या होत्या. काका म्हणाले, "खरंय, येतो आवाज. मला एवढी वर्षं सवयच झालेली, मला काय कळणार." ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच कबूल करतोय म्हटल्यावर भांडायला काही उरलंच नाही, आणि तिला जिंकल्याचा आनंद धड घेताही आला नव्हता.

नवरा आला तेव्हा तिनं चहा टाकला आणि सहज म्हणून सांगितलं, की काकांनी लेथ विकलं. त्याला वाईट वाटलं, खरंच वाटलं, अर्ज त्यानंच लिहिला असला तरी. मग चहाचा घोट घेऊन त्यानं भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाला, किती शांत वाटतंय नाही? ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. तुला आता काहीच येत नाही? तिनं विचारलं. लेथच नाही तर आवाज कसा येईल, तो म्हणाला, आणि वर गमतीनं, "तुझे कान वाजत असतील." लोक दिवसातून चार वेळा एकमेकांना म्हणतात तसंच म्हणाला. त्याला काय माहीत. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आईची ती गोष्ट तिनं त्याला कधी सांगितलीच नव्हती.

आईला गिरणीचा आवाज यायचा. ज्या घरात त्या दोघी बहिणी लहानाच्या मोठ्या झाल्या तिथं आसपास कुठं गिरणी नव्हती, पण आईला यायचा. बोलता बोलता, ताटात वाढता वाढता, तिचं उजव्या हाताचं बोट हवेत उभं राहायचं. "ऐका. कुणीतरी दळतंय." सगळे ऐकायचे. बहीण, ती, आजी, सगळे आपले कान टवकारून बसायचे आणि कुणालाच काही यायचं नाही, तरी त्या बोटाकडे पाहता पाहता तिला, धाकटीला, कधी कधी वाटायचं, की येतोय. पुढे आई भिंतींना कान लावून उभी राहायला लागली. शेजारच्यांच्या दारात जाऊन 'तुमच्याकडे काही चालू आहे का' विचारायला लागली. शेजारी आधी हसले, मग आखडले, मग त्यांनी वडिलांना बोलावून घेतलं. तिचे वडील फार शांत माणूस, कधी आवाज चढवलेला तिला आठवत नव्हता. त्या दिवशी ते घरी आले, आईसमोर बसले आणि म्हणाले, "हे बघ, आवाज नाही. तुझे कान वाजतात. एकदा मान्य कर, म्हणजे संपेल." आईनं थोडा विचार केला. मग मान्य केलं. आणि खरंच संपलं. त्यानंतर आईचं बोट कधी वर झालं नाही, ती भिंतीशी गेली नाही, शेजाऱ्यांशी पुन्हा जाणंयेणं सुरू झालं, आणि वडील मोठ्या कौतुकानं नातेवाइकांना सांगायचे, की मनाचा निर्धार असला की काय होत नाही. ती बरी झाली, असंच सगळे धरून चालले. फक्त आई जेवताना एक हात ताटाखाली मांडीवर ठेवायला लागली, आणि तो हात तिथं काय करतो हे बघायला कुणी वाकलं नाही. अगदी शेवटी, दवाखान्यात, आई कुणाला ओळखत नव्हती तेव्हा पांघरुणावरचं ते बोट सावकाश उचललं जायचं, तसंच राहायचं, मग खाली यायचं. नर्स म्हणाली, स्नायू उडतात असे, मनाला लावून घेऊ नका. ती तोवर कानांचं काम शिकलेली होती. स्नायू उडतो तो असा नाही उडत.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात शेवटचा पेशंट गेल्यावर तिनं आपल्या जोडीच्या बाईला, जिला वयानं आणि उंचीनं सगळे 'मोठी' म्हणत, सांगितलं की माझी टेस्ट घे. मोठीनं कारण विचारलं नाही, ती कुणालाच कारण विचारत नसे, हाच तिचा मोठेपणा. आवाजबंद खोलीचं जाड दार लागलं आणि हेडफोन कानांवर बसले, तेव्हा ती डोळे मिटून घूंऽऽची वाट पाहत राहिली. नाही आला. आपलंच रक्त वाहिल्याचा तो आतला बारीक सळसळाट, गिळल्याचा आवाज, आणि मग हेडफोनमधले ओळखीचे टिंबटिंब आवाज, बारीक, जाड, उजवीकडे, डावीकडे. ती बोट वर करत गेली, खाली घेत गेली. मोठीनं मध्ये बराच वेळ शांतता सोडून पाहिली, तेव्हाही तिचं बोट मांडीवर निमूट पडून राहिलं. बाहेर आल्यावर मोठी म्हणाली, एकही फुकट बोट नाही गं, कान म्हणजे सोनं आहेत तुझे. तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता. रस्त्यानं घरी येताना तिच्या लक्षात आलं, की उलटंच झालंय. कान वाजत असते तर त्या खोलीतही वाजले असते. कान चांगले असतील, तर तो आवाज घरातच आहे.

घरात तो होता. तिनं कपाटावर पाण्यानं काठोकाठ भरलेला ग्लास भिंतीला टेकवून ठेवला आणि वाकून पाण्याकडे पाहिलं. पाणी हलत नव्हतं. लेथ होतं तेव्हा बरण्या किणकिणायच्या, आता बरण्या गप्प होत्या, आणि आवाज मात्र तेवढाच, उलट जास्त स्वच्छ, लाकडाला पटाशी टेकल्यावरचं ते दबणंसुद्धा जसंच्या तसं. कुणीतरी मन लावून काहीतरी कातत होतं. भोवऱ्यासारखं काही, एक बाजू झाली की फिरवून दुसरी. एकदा तिला वाटलं, आता झालं, आता हा थांबणार, कारण दबणं हलकं हलकं होत गेलं, शेवटचा हात फिरवावा तसं. मग क्षणभर काहीच नाही. आणि मग नवं लाकूड लावल्यासारखा तो पुन्हा सुरू झाला. तिनं ग्लासातलं पाणी मोरीत ओतलं आणि पुस्तकांचं अख्खं कपाट ढकलत नेऊन त्या भिंतीला लावलं. नवऱ्यानं विचारलं तर म्हणाली, इथं उजेड चांगला येतो.

आणि मग तिनं ठरवलं, की आवाज नाही. हे वाटतं तितकं अवघड नव्हतं. घरी आलं की रेडिओ लावायचा, स्वयंपाकघरातला पंखा चालू ठेवायचा, त्या खोलीत बसायचंच झालं तर बोलत राहायचं. बघता बघता सवय झाली. नवरा खूश होता, ती हल्ली चिडचिड करत नव्हती, डोकं दुखतंय म्हणत नव्हती. काकूंचा चेहराही हळूहळू शब्दांच्या जवळ यायला लागला. एकदा त्यांनी कुंपणावरून कढीपत्त्याची डहाळी पुढे केली, आणि तिनं ती दोन्ही हातांनी घेतली. सगळं मिटलं, असं कुणीही म्हणालं असतं. काकांचं तेवढं बरं दिसत नव्हतं. ते पायरीवर बसलेले असायचे, हातात पटाशी नाही, कागद नाही, काही नाही, आणि मान थोडी एका बाजूला कललेली. ती त्या मानेकडे पाहायचं टाळायची. गल्लीतली पोरं भोवरा मागायला आली की ते म्हणायचे, संपले रे. एकदा तिनं पाहिलं, त्यांनी घराच्या दर्शनी भिंतीला, तिच्या बाजूच्या टोकाला, तळवा लावला होता, साहेबानं लावला होता तसाच. तिला पाहून त्यांनी हात काढला आणि ऊन फार तापतंय नाही, असं काहीतरी म्हणाले.

काका दवाखान्यात आले तेव्हा बाहेरच्या बाकावर त्यांना पाहून ती दारातच थबकली. डॉक्टरांनी कागद देऊन तिच्याकडे पाठवलं होतं. इस्त्रीचा सदरा, भांग पाडलेला, लग्नाला निघाल्यासारखे. काकूंना सांगितलेलं नाही, ते म्हणाले, उगाच घाबरते. तिनं त्यांना आवाजबंद खोलीत खुर्चीवर बसवलं, हेडफोन कानांवर नीट बसवले, त्यांच्या पांढऱ्या केसांत अजून भुशाचा वास होता. तिनं ते वाक्य सांगितलं, रोजचं. आवाज आला की बोट वर करा, काका, थांबला की खाली. त्यांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली. बाहेर येऊन ती काचेसमोरच्या टेबलाशी बसली. बारीक आवाज त्यांना बरेचसे ऐकू येत नव्हते. आयुष्यभर मोटरीशेजारी उभ्या राहिलेल्या माणसाचे कान असेच असतात, त्यात नवल नव्हतं. जाड आवाजांना त्यांचं बोट लगेच वर जायचं, लगेच खाली यायचं. चोख. मग तिनं शांतता सोडली.

बटणावर तिचा हात होता आणि बटण दाबलेलं नव्हतं. काकांचं बोट सावकाश वर गेलं. ती थांबली. फुकट बोट असं नसतं. फुकट बोट पटकन वर जातं, तोंडाकडे बघतं, चोरासारखं खाली येतं. काका तिच्याकडे बघत नव्हते. त्यांची मान कलली होती, डोळे कुठंच नव्हते, आणि बोट वर गेलं ते वरच राहिलं. किती वेळ झाला तरी वरच. ती यंत्राचे दिवे तपासत राहिली, एक तारसुद्धा काढून पुन्हा लावली. यंत्र गप्प होतं. मग काकांनीच एका कानावरचा हेडफोन बाजूला सरकवला, आणि तिनं बोलण्याचं बटण दाबलं, म्हणजे काचेपलीकडून ऐकू यावं.

"ताई, हाच तो," काका म्हणाले. "घरी येतो तो हाच. इथं कसा आला?"

"कसला आवाज, काका?"

"मशीनचा. आपलं गेलं त्याच्याच सारखा. आधी वाटलं, सवय आहे, जाईल. पण तुमच्या बाजूनं येतो हो. भिंतीकडून." ते जरा थांबले, विचारू की नको असं झालं असावं. "तुमच्याकडे काही चालू असतं का, दुपारचं? तक्रार नाही माझी. नुसतं विचारतोय."

किती सोपं होतं. मलाही येतो, एवढे दोन शब्द. लेथ गेल्यावरही येत होता, तुमच्या त्या रिकाम्या खोलीत उभी राहून मी ऐकला, आणि तुम्हाला नाही म्हणाले. मग काका काय म्हणतील? काहीच म्हणणार नाहीत, आणि तेच तिला सहन होण्यासारखं नव्हतं. मग साहेब, मग नवरा, मग डॉक्टर, कानांचं काम करणारी बाई आणि तिला नसलेले आवाज येतात, मग तिच्या हाताखालून गेलेली सगळी बोटं खरी की खोटी. आणि नाही म्हटलं तर? तर हा माणूस घरी जाईल, आणि एकटाच ऐकत बसेल. आईसारखा. तिला हे सगळं अगदी स्वच्छ दिसत होतं, आपण काय करायला हवं तेही दिसत होतं. तिनं तोंड उघडलं तेव्हा ती खरंच ते दोन शब्द म्हणणार होती. पण बाहेर आला तो तिच्या वडिलांचा आवाज, तसाच शांत, तसाच मायेचा.

"आवाज नाही, काका. कान वाजत असतील तुमचे. या वयात होतं. एकदा मनाशी मान्य केलंत ना, म्हणजे त्रास कमी होतो."

काकांनी थोडा विचार केला. मग हळूच मान हलवली. "असेल," ते म्हणाले. "तुम्ही म्हणता म्हणजे असेल. तुमचं कामच ते." त्यांचं बोट खाली आलं आणि दुसऱ्या हातानं त्यांनी ते धरून ठेवलं, मांडीवर. तिला वाटलं, संपलं. आता ते उठतील, ती आलेख डॉक्टरांकडे देईल, आणि उद्यापासून कुंपणापलीकडे एक बरा झालेला माणूस असेल. पण काका उठले नाहीत. ते काचेतून खाली बघत होते, तिच्या तोंडाकडे नाही, तिच्या टेबलाकडे.

"मग तुमचं बोट का वर आहे, ताई?"

तिनं खाली पाहिलं.

"आमच्या खोलीत आला होतात त्या दिवशीपण होतं," काका म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, कुणीतरी सोबत आहे का एवढंच ते बघत होते. "मी म्हटलं, कामाची सवय असेल."

बटणाशेजारी तिचा उजवा हात पालथा पडला होता आणि त्याचं पहिलं बोट सरळ उभं होतं. कधीपासून, ते तिला सांगता आलं नसतं. त्या खोलीत, जिथं आजवर तो आवाज कधी आला नव्हता, तिथं तो आता होता, काचेच्या दोन्ही बाजूंना सारखाच, मध्येच दबत, पुन्हा मोकळा होत. काकांनी आपला धरून ठेवलेला हात सोडला आणि त्यांचंही बोट पुन्हा वर आलं. बाहेरून मोठीनं हाक मारली, पुढच्या पेशंटला पाठवू का म्हणून. तिनं बोट खाली घ्यायचा प्रयत्न केला नाही. आवाज अजून थांबला नव्हता, आणि तो थांबला की खाली, असं ती स्वतःच रोज सगळ्यांना सांगत आली होती.